केनिया-टांझानियाच्या सफारीसाठी लशी: तिकीट काढण्याआधी हे वाचा

प्रश्न, थोडक्यात: आम्ही नाशिकचे. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आफ्रिका सफारी ठरवतोय. मुंबई ते नैरोबी, मसाई मारा, तिथून रस्त्याने सेरेंगेटी, शेवटी झांझिबार. मी ३९, पत्नी ३६, मुलगी ७ वर्षांची. वडील ६८ (मधुमेह, बीपी), आई ६४ (संधिवात; आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज स्टेरॉइडची गोळी). टूरवाले म्हणतात, फक्त यलो फीवर घ्या, बाकी काही लागत नाही. लंडनच्या मावशीने तिथल्या क्लिनिकची नऊ लशींची यादी पाठवली आहे. नेमके काय करावे? ऑक्टोबर नुकताच लागलाय, आगाऊ रक्कम अजून भरलेली नाही. शिवाय भाचा जानेवारीत एमएससाठी अमेरिकेला चाललाय, त्याच्या विद्यापीठाचा लसीकरणाचा फॉर्म आलाय. त्याबद्दलही सांगाल का?

उत्तर:

आगाऊ रक्कम भरलेली नाही, हे तुमच्या प्रश्नातले सगळ्यात चांगले वाक्य. बहुतेक मंडळी माझ्याकडे येतात ती विमान, हॉटेल, व्हिसा सगळे पक्के करून, निघायला आठवडा उरलेला असताना. तेव्हा जे टोचता येईल ते टोचायचे, एवढेच माझ्या हातात असते. तुमचा अजून मार्गच बदलता येईल, आणि आईंची औषधे बघता तो बदलावा असे माझे मत आहे.

टूरवाले आणि मावशी दोघेही खोटे बोलत नाहीत. पण टूरवाल्यांना चिंता एकच, विमानतळावर कोणी अडवू नये. मावशींची यादी लंडनमध्ये वाढलेल्या माणसासाठी केलेली. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, रेबीज ही तिथे परदेशातून आणायची दुखणी. आपल्याकडे ती घराबाहेर पडल्यावर पहिल्या वळणावर भेटतात. त्या यादीतले अर्धे नाशिकमध्ये राहण्यासाठीच लागते, केनियाचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून मी देशाचे नाव विचारत नाही. कुठून कुठे, कोणत्या विमानतळावर थांबून, आणि जाणारे कोण, एवढे आधी विचारतो.

सुरुवात यलो फीवरपासून, म्हणजे पीतज्वरापासून. कारण सगळ्या प्रवासी लशींमध्ये कायद्याचा धाक असलेली मुख्य लस हीच. तुम्ही मुंबईहून थेट नैरोबीला उतरलात तर केनिया तुमच्याकडे ही लस घेतल्याचे कार्ड, म्हणजे ती पिवळी पुस्तिका, मागणार नाही. भारतात पीतज्वर नाही, आणि केनिया ते मागते पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे. पण तुम्ही मारा सोडून इसेबानिया-सिरारीच्या नाक्यावर टांझानियात शिरता तेव्हा तुम्ही ‘केनियाहून आलेले’ असता, आणि तिथे कार्ड मागतात. त्याहून कडक तपासणी परतताना आपल्याच विमानतळावर. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि वैध कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे, आणि ते तो वापरतात. डास चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, त्यावरून हा सहाचा आकडा आला.

लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला वाटत नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे प्रत्येक कुंडीखालच्या बशीत वाढतो, डेंग्यू तोच देतो. डास आहे, विषाणू नाही, आणि शंभर कोटींहून जास्त लोकांपैकी जवळजवळ कोणाच्याही अंगात प्रतिकारशक्ती नाही. २०१६ साली अंगोलात साथ आली तेव्हा तिथून चीनला परतलेल्या ११ कामगारांमध्ये हा आजार सापडला होता. आशियात पीतज्वराचे रुग्ण नोंदले गेले ते त्या वेळी पहिल्यांदा. तिथे तो पुढे पसरला नाही, हे नशीब.

आता लस. ही ‘१७डी’ नावाची जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. ती बनवणाऱ्या मॅक्स थाइलर यांना १९५१ चे नोबेल मिळाले. लस फार चांगली आहे. एक डोस बहुतेकांना जन्मभर पुरतो. तुमच्यासारख्या चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसाला किंवा सात वर्षांच्या मुलीला ती द्यायला मला काहीच अडचण वाटत नाही. चार-पाच दिवसांनी अंग मोडून येते, कणकण वाटते, एवढेच. अंड्याची गंभीर ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा, कारण ती कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवलेली असते.

अडचण तुमच्या आईवडिलांची आहे, आणि दोघांची वेगवेगळी. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत क्वचित, लाखात एखाद-दुसऱ्याला, लशीतलाच विषाणू यकृत-मूत्रपिंडावर किंवा मेंदूवर हल्ला करतो. तरुणांत याहूनही कमी. वडिलांना मधुमेह-बीपी असल्यामुळे ही लस वर्ज्य होत नाही; पण वय बघता ‘घेऊन टाका, एक कार्ड होऊन जाईल’ असे मी त्यांना म्हणणार नाही. गरज असेल तरच.

आईंना मी ती देणार नाही. मेथोट्रेक्सेट आणि रोजचे स्टेरॉइड या दोन्ही गोष्टी प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठीच दिलेल्या असतात. अशा शरीरात जिवंत विषाणूची लस सोडणे मला मान्य नाही. ‘मग दोन-तीन आठवडे गोळ्या बंद ठेवतो’ हा उपाय घरोघरी सुचवला जातो. कृपया करू नका. स्टेरॉइड एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते, आणि सांधे पेटले तर सफारीच्या जीपमध्ये चढणेही जमणार नाही. शिवाय या औषधांचा परिणाम गोळी बंद केल्या दिवशी संपत नाही.

लस देता येत नसेल तर डॉक्टरांचे कारणासहित पत्र जोडता येते, पिवळ्या पुस्तिकेत त्यासाठी जागा असते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत ही सोय आहे. पण ते पत्र मानायचे की नाही, हे समोरच्या देशाचा अधिकारी ठरवतो. आणि पत्र दाखवल्याने डास चावायचे थांबत नाहीत. मसाई मारा ज्या भागात येतो तिथे प्रवाशांनी ही लस घ्यावी असाच सल्ला असतो. थोडक्यात, आईंना लस नाही आणि लशीशिवाय माराला नेणे बरे नाही.

म्हणून मार्ग बदला. टांझानिया जागतिक आरोग्य संघटनेच्या पीतज्वर-जोखमीच्या देशांच्या यादीत नाही. भारतातून जाताना किंवा टांझानियाहून थेट भारतात परत येताना या कार्डाचा प्रश्न येत नाही. केनिया गाळा. मुंबईहून दोहा किंवा दुबईमार्गे किलिमांजारोला किंवा दार-एस-सलामला उतरा, अरुशाहून तरंगीरे, न्गोरोंगोरो, सेरेंगेटी करा, आणि शेवटी झांझिबारहून परत या. तुमचे काही बुडणारही नाही: वाइल्डबीस्टचे ते प्रसिद्ध कळप मारात असतात साधारण जुलै ते ऑक्टोबर. डिसेंबरच्या अखेरीस ते खाली दक्षिण सेरेंगेटीत, न्डुटूच्या गवताळ पठारावर उतरलेले असतात. डिसेंबरात मारा दाखवायला नेणारा टूरवाला कळप दाखवणार नाही, हॉटेल दाखवेल.

एक फसगत टाळा. स्वस्त तिकीट शोधताना पडद्यावर सगळ्यात वर येते ते बऱ्याचदा अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे. इथिओपिया आणि केनिया दोन्ही जोखमीच्या यादीत आहेत. फक्त विमान बदलायला थांबलात आणि विमानतळाबाहेर पडला नाहीत तर भारताच्या नियमात सवलत आहे, पण तीसुद्धा आरोग्य अधिकाऱ्याला पटल्यावर. टांझानिया बारा तासांहून जास्त थांबा असेल तर कार्ड मागते, आणि आफ्रिकेत विमान रद्द होऊन रात्र काढावी लागणे ही काही नवलाची गोष्ट नाही. चार-पाच हजार वाचवण्यासाठी आईंना घेऊन हा जुगार खेळू नका. आणि या याद्या बदलत असतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची चालू यादी एकदा डोळ्यांखालून घाला.

तरीही माराच बघायचाय असे ठरलेच, आणि आईवडील घरी राहणार असतील, तर तुम्ही तिघांनी लस घ्या. ती खासगी दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय आणि बंदर आरोग्य कार्यालय, पुण्यातही केंद्र आहे, गोव्यात मुरगाव बंदराचे आरोग्य कार्यालय. कुपी एकदा विरघळवली की सहा तासांत संपवावी लागते आणि एका कुपीत अनेक डोस असतात, म्हणून केंद्रे ठरावीक वारी, आधी नोंदणी केलेल्यांना एकत्र बोलावतात. सुट्ट्यांच्या तोंडावर तारखा भरतात, मध्येच लशीचा तुटवडाही होतो. तेव्हा डिसेंबरच्या प्रवासासाठी नोंदणी ऑक्टोबरातच करा. कार्ड टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होते. नवव्या दिवशी सीमेवर पोचलात तर कागदोपत्री तुम्ही लस न घेतलेलेच.

तिथे मूळ पासपोर्ट घेऊन जा आणि पुस्तिका हातात आली की खुर्चीवरून उठण्याआधी वाचा. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच हवे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, आडनाव आधी की नंतर, यावरून हमखास घोळ होतो. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लशीचा बॅच क्रमांक, डॉक्टरची सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का, सगळे बघा. तारखेत महिना अक्षरांत लिहिलेला हवा. खाडाखोड झाली असेल तर नवी पुस्तिका मागा, कारण गिरवलेले कार्ड अवैध धरता येते. अर्धा तास तिथेच बसून राहा, ॲलर्जी आली तर ती बहुधा त्या वेळात दिसते. आणि ‘इंजेक्शनशिवाय कार्ड करून देतो’ म्हणणारे एजंट भेटले तर त्यांच्यापासून लांब राहा. बनावट कार्ड पकडले गेले तर विलगीकरण होतेच, आणि पकडले गेले नाही तर माराचे डास काही कार्ड तपासून चावत नाहीत.

जुने कार्ड असलेल्या वाचकांसाठी: ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र जन्मभर वैध आहे. तुमच्या २००९ च्या कार्डावर ‘दहा वर्षे’ असे छापलेले असले तरी ते चालते. काही जण दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घेतात. साठी ओलांडलेल्यांनी तर ते विनाकारण करूच नये.

पोलिओबद्दल एक ओळ. भारताला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मार्च २०१४ मध्ये मिळाले. त्याच वर्षीपासून पोलिओग्रस्त काही देशांतून भारतात येणाऱ्या आणि भारतातून तिथे जाणाऱ्या प्रवाशांना निघण्याआधी किमान चार आठवडे पोलिओ डोस घ्यावा लागतो, मोठ्या माणसांनाही. ही यादी सारखी बदलते, केनियाचे नाव तिच्यात होते. यलो फीवरची यादी बघाल तेव्हा हीही बघा.

आता सीमेवर कोणी न विचारणाऱ्या लशी. इथे मी कंजूष आहे.

हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून होणारी कावीळ. तुमच्या आईवडिलांच्या पिढीत ती बहुतेकांना लहानपणी कळत-नकळत होऊन गेलेली असते, आणि एकदा झाली की पुन्हा होत नाही. त्यांना लस टोचणे म्हणजे पैसे पाण्यात. तुमचे दोघांचे सांगता येत नाही. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या शहरी मुलांमध्ये ही प्रतिकारशक्ती नसते, आणि मोठ्या वयात झालेली कावीळ महिना-दोन महिने अंथरुणाला खिळवते. रक्ताची आयजीजी चाचणी करा, नसेल तर लस घ्या. निघण्याआधी एक डोस पुरेसा, दुसरा सहा महिन्यांनी. मुलीचे लसीकरणाचे कार्ड काढून बघा, खासगी बालरोगतज्ज्ञाकडे जात असाल तर तिची ही लस झालेली असण्याची बरीच शक्यता आहे. टायफॉइडचेही तसेच: नवी कॉन्जुगेट लस एका डोसात होते, मुलीची बहुधा नऊ महिन्यांची असतानाच झाली असेल. तुमची झाली नसेल तर घ्या. उपयोग सेरेंगेटीपेक्षा पाणीपुरीच्या गाडीवर जास्त होईल.

धनुर्वाताचा डोस गेल्या दहा वर्षांत झाला नसेल तर तुम्हा मोठ्यांनी घ्या. त्यातच घटसर्प आणि डांग्या खोकल्याचा अंश असलेली मिळते, तीच मागा. फ्लूची लस पाचही जणांना, त्यातही आईवडिलांना नक्की. दहा-बारा तास बंद विमानात आणि विमानतळांवरच्या रांगांत तुम्हाला पीतज्वर भेटणार नाही, फ्लू नक्की भेटेल. मुलीने आजवर फ्लूची लस कधी घेतली नसेल तर नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा तिचा पहिला डोस याच महिन्यात. आईंची फ्लूची लस मृत विषाणूची असते, ती सुरक्षित आहे. फक्त मेथोट्रेक्सेटमुळे तिचा जोर कमी पडू शकतो. काही संधिवाततज्ज्ञ त्यासाठी लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगतात. विचारा, पण मनाने थांबवू नका. वडिलांना मधुमेह आहे आणि न्यूमोनियाची लस झालेली नसेल तर तीही आताच उरका. तिचा आफ्रिकेशी संबंध नाही, ती राहून गेलेली आहे इतकेच.

रेबीजची आगाऊ लस? सफारीत तुम्ही गाडीतून उतरणारच नाही. पण तुमची मुलगी रोज नाशिकच्या गल्लीतून शाळेत जाते, आणि मुले ओरखडा लपवतात. सात दिवसांच्या अंतराने दोन डोस आधी झालेले असले तर पुढे कुत्रा-माकड चावल्यावर दोनच डोस पुरतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, लागत नाही. ते परदेशात, आणि आपल्याकडेही, ऐन वेळी मिळत नाही. चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, हे तिला आत्ताच शिकवा.

मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची, लस तुम्हाला नको. आफ्रिकेतला मेनिंजायटिसचा पट्टा सेनेगलपासून इथिओपियापर्यंत जातो, तुमची सफारी त्याच्या खाली आहे. हज किंवा उमराला जाणाऱ्यांचे मात्र तसे नाही. त्यांना एसीडब्ल्यूवाय लस सक्तीची आहे आणि सौदीत पोचण्याआधी किमान दहा दिवस घेतलेली लागते. कॉलरा नको. मावशींच्या यादीतले बाकीचे तुम्ही आता स्वतः ओळखाल.

मृत लशी कितीही, कोणत्याही दिवशी, एकाच वेळी दोन्ही दंडांत घेतल्या तरी चालतात. जिवंत लशींना, म्हणजे यलो फीवर, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), कांजिण्या यांना, एकच नियम: एक तर एकाच दिवशी, नाही तर मध्ये चार आठवडे.

आता ज्याला तुमच्यासाठी लस नाही पण ज्याची मला तुमच्या सगळ्या बेतात सर्वात जास्त भीती वाटते, तो मलेरिया. ‘आपल्याकडे पण असतो की’ हे मी दर आठवड्याला ऐकतो. आपल्याकडच्या शहरांत बहुधा व्हायव्हॅक्स जातीचा असतो, तो हुडहुडी भरवतो आणि उतरतो. पूर्व आफ्रिकेत फाल्सिपेरम असतो. तो मेंदूत जाऊ शकतो, क्लोरोक्विन या जुन्या गोळीला दाद देत नाही आणि दोन-तीन दिवसांत माणूस नेऊ शकतो. नाशिकमध्ये राहून त्याच्याविरुद्ध कोणतीही ताकद अंगात येत नाही. लस आली आहे हे खरे. ऑक्सफर्ड आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘आर२१’ लस, जिला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस दिली. पण ती आफ्रिकेत राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. पुण्यात बनते म्हणून पुण्यात टोचून मिळेल, असे नाही.

म्हणजे उरतात गोळ्या. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, रोज एक, परतल्यावर सात दिवस. सोसते चांगली, महाग पडते, आणि साध्या मेडिकलवाल्याकडे लगेच मिळेलच असे नाही, म्हणून आधी मागवून ठेवा. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते, उन्हात कातडी भाजते, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, म्हणजे तुमच्या मुलीला नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच, मुलांना चालते, पण दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि नैराश्य, फिट किंवा भीतीचे झटके येणाऱ्याला अजिबात देत नाही. मुलीचा डोस वजनावर ठरतो, वयावर नाही.

आईंसाठी मात्र यातली कोणतीही गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. प्रोग्वानिल मेथोट्रेक्सेटसारखेच फॉलिक ॲसिडच्या वाटेत आडवे येते, आणि डॉक्सिसायक्लिनने रक्तातले मेथोट्रेक्सेट वाढू शकते. त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. ‘ती पांढरी छोटी, सकाळची’ यावरून कोणी काही ठरवू शकत नाही. पट्टीवर नाव आणि मिलिग्रॅम असतात. मलेरियावर होमिओपॅथीच्या ‘प्रतिबंधक गोळ्या’ देणारे भेटतील, त्यावर विसंबून फाल्सिपेरमच्या प्रदेशात जाऊ नका.

गोळीबरोबर डासही टाळायचेच. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. लांब बाह्या, पायमोजे, उघड्या कातडीला डीट (डास पळवणारे रसायन) असलेले मलम, तंबूत मच्छरदाणी. न्गोरोंगोरोच्या कड्यावर दोन हजार मीटरहून जास्त उंचीवर थंडीमुळे डास कमी. तरंगीरे आणि किनाऱ्यावर जास्त.

आणि परतल्यावर तीन महिन्यांत कोणालाही ताप आला, गोळ्या नीट घेतलेल्या असल्या तरी, त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी. दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य: ‘आम्ही आफ्रिकेत जाऊन आलोय.’ नाही सांगितले तर डॉक्टर नाशिकच्या हवेचा विचार करणार, डेंग्यूची तपासणी लिहून देणार आणि तीन दिवसांनी बोलावणार.

भाच्याचे. त्याच्या फॉर्मवर बहुधा एमएमआरचे दोन डोस मागितलेले असतील आणि घरात त्याची बालपणीची फाइल उघडून कोणीतरी ‘गोवर झालाय, नऊ महिन्यांचा असताना’ म्हणून निर्धास्त झालेले असेल. ते चालत नाही, दोन कारणांनी. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस मोजत नाहीत. आणि सरकारी लसीकरणात गालगुंडाची लस नाही. पूर्वी नुसता गोवर होता, आता गोवर-रुबेला आहे. त्यांना गोवर, गालगुंड, रुबेला तिन्ही हवेत. पहिल्या वाढदिवसानंतरचे एमएमआरचे दोन डोस तारखांसहित सापडले तर उत्तम. नाही तर आता २८ दिवसांच्या अंतराने दोन घ्या, म्हणजे ऑक्टोबरात सुरुवात. काही विद्यापीठे रक्तातल्या प्रतिपिंडांचा अहवाल मान्य करतात, पण तिन्ही पॉझिटिव्ह यायला हवेत. गालगुंड निगेटिव्ह येऊन शेवटी लस घ्यावी लागलेले बरेच विद्यार्थी बघतो.

कांजिण्या: दोन डोस, किंवा होऊन गेल्याचा पुरावा, किंवा रक्ततपासणी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. राहिले असतील तर पहिले दोन इथे घेऊन तिसरा तिकडे, बहुतेक ठिकाणी चालते. मेनिंजायटिसची सक्ती सहसा वसतिगृहात राहणाऱ्या लहान वयाच्या विद्यार्थ्यांना असते. एमएसच्या मुलाने फॉर्ममधली वयाची अट वाचावी, उगीच महागडे इंजेक्शन घेऊ नये.

क्षयरोगाच्या तपासणीकडे नीट लक्ष द्या. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे, त्यामुळे कातडीवरची जुनी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पर्याय असेल तर रक्ताची आयग्रा चाचणी करा. ती एमएमआर घेतल्याच्याच दिवशी, रक्त आधी आणि इंजेक्शन नंतर, किंवा मग चार आठवड्यांनी. मधल्या काळात गोवराच्या लशीमुळे निकाल दबला जाऊ शकतो. निकाल पॉझिटिव्ह आला तर घाबरून फॉर्म लपवू नका. भारतात मोठ्या संख्येने लोकांच्या अंगात क्षयाचे जंतू झोपलेले असतात, त्याचा अर्थ आजार आहे असा नव्हे. छातीचा एक्स-रे काढतात, तो स्वच्छ असेल तर प्रवेश अडत नाही.

आणि फॉर्म भरताना डॉक्टरांना आठवण करा: अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. सात मार्चचा डोस आपल्या सवयीने लिहिला तर तिकडे तो तीन जुलैचा होतो, दोन डोसांमधले अंतर २८ दिवसांपेक्षा कमी दिसू शकते आणि विद्यापीठाचे आरोग्य केंद्र पोराच्या नावावर नोंदणी-बंदी टाकून मोकळे होते.